घटकाभरानं उठव

खालापूर, ता. १४ नोव्हेंबर १९६६

तीर्थरूप आबादादांस वाल्मिकचा साष्टांग नमस्कार.

आठ वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. आई ठणठणीत आहे, तुम्हा भाच्याची आठवण काढते. एस.टी. स्टँडसमोरचं माझं औषधांचं दुकान बरं चाललं आहे. त्या बारशाच्या पंगतीत तुम्ही मला चारचौघांत ‘बाटलीतला वैद्य’ म्हणालात, ते मी केव्हाच विसरलो.

लिहिण्यास कारण की, शिवरात्रीच्या जत्रेत इथल्या कुस्त्यांच्या फडात तुमचा सहदेव उतरणार असं ऐकलं. असंही ऐकलं की तो दिवसभर ठाकुरवाडीच्या घाटात रेल्वेच्या गँगमध्ये खडी उपसतो आणि संध्याकाळी तुमच्या तालमीत हजार बैठका मारतो. दादा, आजचं विज्ञान सांगतं की व्यायामानं शरीर कमावलं जात नाही, मोडतं. कमावलं जातं ते नंतर, विश्रांतीत. मोडलेलं भरून काढायला योग्य द्रव्यं वेळेवर पोटात जावी लागतात.

म्हणून सोबत एस.टी. पार्सलानं ‘पुष्टिराज चूर्णा’चा डबा पाठवत आहे. मुंबईच्या कंपनीचा माल आहे. व्यायाम झाल्यावर दोन चमचे गरम दुधातून. दमणूक नावाला उरणार नाही. पैशांचं मनातसुद्धा आणू नका. फक्त फड जिंकल्यावर त्यानं चार लोकांत डब्याचं नाव घ्यावं, एवढंच.

आपला,
वाल्मिक


दहिवली, ता. २२ नोव्हेंबर १९६६

चि. वाल्मिकास आशीर्वाद.

विसरलेली गोष्ट तारीख-वार नसला तरी पंगतीसकट लिहितोस, म्हणजे स्मरणशक्तीचंही चूर्ण निघालेलं दिसतं. बाटलीवरून डब्यावर आलास, ही प्रगती आहे. डब्यावरच्या चित्रातला पैलवान मात्र बायकोशी भांडून आल्यासारखा का दिसतो?

माझा उजवा गुडघा आता कामातून गेला. एस.टी.ची पायरी म्हणजे मला घाटाचा कडा. घरून तालमीत काठी टेकत जातो आणि तालमीतून घरी शिव्या देत येतो, एवढाच प्रवास. तेव्हा जे काही ते पत्रानंच होईल.

तुझ्या विज्ञानाला आता जे कळलं ते आपल्या तालमीला पणजोबाच्या वेळेपासून ठाऊक आहे. तू स्वतः तालमीतल्या लाल मातीच्या हौदात लोळलेला माणूस, तरी लिहितो, कारण दुकानात बसल्यावर माणूस पहिलं विसरतो ते हेच. मेहनत झाली की पैलवानाला हौदात निजवायचं, गळ्यापर्यंत माती ओढायची. शीण मातीत उतरतो. आणि ज्यानं निजवलं त्यानंच घटकाभरानं तीनदा नाव घेऊन हात द्यायचा, उठवायचं, पाठ झाडायची. आपलं आपण कुणी उठायचं नाही, आणि निजवून कुणी निघून जायचं नाही. सहदेवला मी निजवतो, मी उठवतो. गुडघा गेला तरी हात शाबूत आहेत.

आणखी एक. नव्या खुराकाचा पहिला वाटा हौदाला. मातीनं आजवर ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर सगळं पचवलंय. तुझं चूर्णही पहिलं तिला घालणार आहे. तिला पचलं तर पोराला.

तुझी वहिनी सुंदरा म्हणते, भावजींना सांगा, डबा रिकामा झाला की मला तिखटाला होईल. म्हणजे एक उपयोग नक्की झाला.

आबाजी


खालापूर, ता. २९ नोव्हेंबर १९६६

ती. आबादादांस सा. न.

तुम्ही चेष्टा केलीत म्हणजे राग गेला, असं मी समजतो. वहिनींसाठी मुद्दाम मोठा डबा पाठवत आहे, हासुद्धा भरूनच.

पहिला वाटा हौदाला घालता ते योग्यच, पण एवढा महागाचा माल मातीत कशाला? चिमूटभर पुरे. बाकी सगळं पोराच्या पोटात जाऊ द्या.

आईची गंमत सांगतो. परवा डबे भरायला बसली होती. झाकण लावता लावता थांबली, डबा नाकाशी धरला आणि म्हणाली, “वाल्म्या, ह्याला हिरूच्या अंगाचा वास येतो रं.” आपल्या हिरूदादाला जाऊन तेवीस वर्षं झाली. म्हातारपणी नाकसुद्धा मागं चालायला लागतं, दुसरं काय.

आपला,
वाल्मिक


दहिवली, ता. २० डिसेंबर १९६६

चि. वाल्मिकास आशीर्वाद.

मुंबईच्या कंपनीचे डबे माझी आत्या खालापुरात बसून भरते, म्हणजे कंपनी फारच मोठी असली पाहिजे. असो. तुला बरं वाटेल असं आधी लिहितो, कारण पुढचं तसं नाही.

तुझं चूर्ण लागू पडलं. पहिल्या आठवड्यातच. घाटातून आलेला सहदेव पूर्वी उंबऱ्यावर बसून बूट काढायचा आणि दुसरा बूट काढायच्या आत झोपी जायचा. आता सरळ तालमीत. हजाराच्या दीड हजार बैठका झाल्या, दीडाच्या दोन. मी विचारतो, “दमलास का रं?” तो म्हणतो, “नाय बाबा.” पाचशे जोरांनंतर विचारतो, “आता?” “नाय बाबा.” शेवटी विचारून विचारून मी दमलो. गँगचा मुकादम सांगत आला की तुमच्या पोरानं चौघांनी उचलायचा रुळाखालचा स्लीपर एकट्यानं खांद्यावर घेतला आणि वर विचारलं, ठेवायचा कुठं.

आता दुसरी बाजू. त्याला घाम येत नाही. निजवून उठवला की मी पाठ झाडायला जातो, तर पाठीवर मातीचा कण नसतो. माझा तळवा मात्र लाल होतो. आणि उठायचं नाव घेत नाही. “अजून घटकाभर, बाबा.” पूर्वी मी त्याला निजवायला धरून न्यायचो, आता उठवायला विनवण्या करतो.

मातीही बदलली. खणायला जड झाली आहे, ओल नसताना. आणि गेले चार दिवस असं होतंय: संध्याकाळी मी स्वतः हौद फावड्यानं सारखा करून कुलूप लावतो. किल्ली माझ्या करगोट्याला. सकाळी उघडतो तर मातीत पाठीचा ठसा असतो. कुणीतरी निजून गेल्यासारखा. निजून गेल्यासारखा तरी कसं म्हणू, पाऊल एकही नसतं. ना येतानाचं, ना जातानाचं.

ठसा सहदेवचा नाही. त्याच्यापेक्षा रुंद आहे.

डब्यात काय काय आहे ते कळव. कंपनीला विचारून नको, स्वतःला विचारून.

आबाजी


खालापूर, ता. २६ डिसेंबर १९६६

ती. आबादादांस सा. न.

चूर्ण लागू पडलं हे वाचून धन्य झालो. तुमचं पत्र, म्हणजे त्याचा दुसरा परिच्छेद, दुकानात काच लावून टांगला आहे.

घाम न येणं हे उत्तम लक्षण आहे. शक्ती बाहेर न जाता आत साठते. ठशाचं म्हणाल तर मांजर असेल. थंडीत मांजरं मऊ जागा शोधतात.

घटकद्रव्यं हे कंपनीचं गुपित असतं, दादा. पण पौष्टिक आहे, याची मी आईची शपथ घेतो. यापेक्षा जास्त दूध-तूप खाल्लेला पदार्थ तुम्हाला उभ्या कुलाबा जिल्ह्यात मिळायचा नाही. मात्र हौदाला घालणं आता बंद करा, ही हात जोडून विनंती.

आपला,
वाल्मिक


दहिवली, ता. ८ जानेवारी १९६७

वाल्मिक,

दूध-तूप ‘खाल्लेला’ पदार्थ? असलेला नव्हे, खाल्लेला? हे वाक्य मी चारदा वाचलं. मांजराची पाठ अडीच वीत रुंद कधीपासून झाली, हे एकदाच वाचून सोडून दिलं.

डबा मी बंद केला आहे. सुंदरानं तो तिखटालाही घेतला नाही, परसात पुरून आली. काही फरक पडला नाही.

मकरसंक्रांत आठवड्यावर आली, घरात तीळ भाजायचे चाललेत, आणि तुझी वहिनी तव्यापाशी रडत बसते. “पोरगं माझंच हाय,” म्हणते, “पन जेवताना समोर दुसराच कोन बसल्यागत वाटतंय.” सहदेव आजवर भाकरी चुरून खायचा. आता चतकोर करून, गोल दुमडून खातो. गूळ आधी मागतो. चालताना डावा खांदा पाडून चालतो. मी ओरडलो, “सरळ चाल की रं!” तर थांबला, माझ्याकडं बघून हसला आणि म्हणाला, “गप ए आब्या.”

आपल्या बापाला.

मी हात उचलला होता. तो तसाच राहिला. मला आब्या म्हणणारा माणूस जगात एकच होता, आणि त्याच्या तेराव्याला मी जेवलोय.

मग काठी घेतली आणि भर दुपारी तालमीत गेलो. सकाळचा ठसा पुसला नव्हता. बाजूला बसून नीट बघितला. उजवा खांदा मातीत रुतलेला, डावा टेकलेलाच नाही. बारा वर्षांचे असताना आपल्या शेताच्या बांधावरच्या जांभळीवरून हिरू पडला, तेव्हा वरच्या फांदीवर मी होतो. हाड वाकडं बसलं. पाठीवर निजला की डावा खांदा दोन बोटं वर राहायचा. जन्मभर मी त्याला त्यावरून चिडवलं. तो खांदा मला ओळखू येणार नाही?

दोन प्रश्न. डब्यात काय घातलंस? आणि हिरू कशानं गेला? थंडीतापानं, असं तेव्हा तू सांगितलं होतंस. मी फक्त खात्री करतोय.

आबाजी


खालापूर, ता. १९ जानेवारी १९६७

ती. आबादादांस सा. न.

पत्राला उशीर झाला. रोज लिहायला बसत होतो.

डब्यात हरभऱ्याचं पीठ आहे. दूध भुकटी थोडी, साखर, वेलची. कंपनी नाही. लोकांना पिवळं पीठ नको होतं. मुंबईच्या डब्यांतलं असतं तसं तांबूस, दाट हवं होतं, औषधासारखा वास हवा होता. दुकान कुठं आहे ते तुम्हाला माहीत आहे. हिरू गेल्यावर इथली तालीम बंद पडली. ती जागा मीच घेतली. पुढं गल्ला, मागं गोदाम. गोदामाच्या शहाबादी फरशीखाली हौद जसाच्या तसा आहे.

दादा, मी वाईट विचार करून केलं नाही. हिशेब साधा होता. साठ वर्षं त्या मातीनं तूप, ताक, तेल, हळद, कापूर खाल्ला. एकेका सणाला घागरभर दूध प्याली. कुठल्या पैलवानानं एवढा खुराक खाल्ला असेल? मग तिच्यात सत्त्व नसेल तर कशात असेल? चार फरशा काढल्या, माती उन्हात वाळवली, वस्त्रगाळ केली आणि मिसळली. वास असा सुरेख आला की मलाच खरं वाटलं. सहा महिने विकतो आहे. इथं कुणाला काही झालं नाही. पोटातच गेली ना सगळ्यांच्या. तुम्ही ती हौदात घातलीत. हौदाची माती हौदाला मिळाली.

हिरू तापानंच गेला.

फड झाला की सगळं नीट होईल असं वाटतं.

वाल्मिक


दहिवली, ता. २४ जानेवारी १९६७

वाल्मिक,

तुला शिव्या द्यायला चांगला कोरा ताव घेतला होता. तो तसाच ठेवलाय. शिव्या जुळवून काढल्या तर पुष्कळ होतील, पण आता सवड नाही.

सहदेव चार दिवस कामावर गेलेला नाही. पहाट फुटली की आपला आपण जाऊन हौदात निजतो, माती स्वतःच अंगावर ओढतो. काल मी त्याला बारा वाजता उठवायला गेलो. तीनदा नाव घेतलं. “सहदेव, ऊठ.” डोळे उघडेच होते. छातीवरची माती बघत बसलो. माती हलली की श्वास, असं मोजत होतो. पन्नास आकडे मोजले तेव्हा एकदा हलली. हात धरून ओढला तर, वाल्मिक, मी अडीच मणांची पोती फेकलेली आहेत, पण त्याचं बोटसुद्धा उचललं गेलं नाही. तालमीच्या वजनकाट्यावर परवा त्याचं वजन मात्र नेहमीएवढंच भरलं होतं.

मग बोलला. आवाज सहदेवचा. “तू नाय, आब्या. ज्यानं निजवलं त्यानं उठवायचं.”

मी म्हटलं, “अरं, तुला मीच निजवतो की!”

“ह्याला तू. मला नाय.”

सूर्य कलल्यावर उठला, जेवला नाही, भिंतीला टेकून बसला. आज पुन्हा तेच. आज ऐंशी मोजले.

उद्या मी किती मोजायचे ते सांग. नाहीतर हे सांग: तेवीस वर्षांपूर्वी त्या दिवशी हिरूला हौदात कुणी निजवलं होतं? एका कार्डावर मावेल एवढंच उत्तर आहे. पाकिटाचे पैसे घालवू नकोस.

आबाजी


(पोस्टकार्ड)

खालापूर, ता. २८ जानेवारी १९६७

मी.


खालापूर, ता. ३० जानेवारी १९६७

ती. आबादादा,

कार्ड पेटीत टाकलं आणि वाटलं, आता उरलेलंही लिहावं.

त्या वर्षी बाजाराच्या मैदानात एक माणूस आला होता. न उतरता तीन दिवस सायकल चालवणार. जेवण सायकलवर, दाढी सायकलवर. मी पंधरा वर्षांचा. हिरू माझा थोरला भाऊ, मीच त्याचा जोडीदार. त्या सकाळी त्यानं दीड हजार बैठका मारल्या. मी त्याला निजवला, गळ्यापर्यंत माती ओढली. तो म्हणाला, “घटकाभरानं उठव. लय शिणलो.” मैदान हाकेच्या अंतरावर. म्हटलं, एक फेरी बघून येतो.

तो माणूस गोल गोल फिरत होता, दादा. घंटी वाजवत. दमतच नव्हता. मी बघत राहिलो. कुणीतरी जिलबी दिली. परत आलो तेव्हा ऊन पश्चिमेच्या झरोक्यातून येत होतं. त्याच्या छातीवरची माती हलत नव्हती.

मी त्याला नाव घेऊन उठवलं नाही. घाबरलो. ओढत खाटेवर नेला, ओल्या फडक्यानं पुसला आणि मग बोंब मारली की ताप होता. पाठ झाडली नाही.

तुम्ही या म्हणाल. तीनदा एस.टी. स्टँडपर्यंत गेलो. समोरच तर आहे. कर्जतच्या गाडीला हात लावून परत आलो. माझ्यानं होत नाही.

वाल्मिक


दहिवली, ता. ३ फेब्रुवारी १९६७, सकाळ

वाल्मिक,

हे पत्र पहिल्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात देतोय. तुझ्या गल्ल्यावर टाकून दे म्हणून सांगितलंय. गाडी चौक गावावरून तुझ्याकडं नऊला पोचेल. तो चालत निघालाय. दुपारपर्यंत येईल.

तू येत नाहीस म्हणून तो येतोय.

आज पहाटे हौदात गेलाच नाही. न्हाला, केस विंचरले. दारात सुंदरा होती. तिच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाला, “तुमी आब्याची बायको काय? बरं केलंत, लगीन केलंत. त्याला कुनी पोरगी देत नव्हतं.” आमचं लग्न हिरू गेल्यानंतरचं. ती आहे तिथंच खाली बसली. मी पदराला धरावं तसं त्याच्या सदऱ्याला धरलं. त्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली, हळू, लहान पोराची सोडवतात तशी. म्हणाला, “घरी जातो. वाल्म्या वाट बघत असंल.” काठी टेकत नाक्यापर्यंत गेलो. डावा खांदा पाडून पुलाकडं निघालेला दिसला. गुडघ्यानं पुढं नेलं नाही.

आता नीट वाच. तू दुकान बंद करून पळालास तर मी तुला दोष देणार नाही. कारण मला तेवढा वेळच राहणार नाही. पोर माझं एकच आहे.

तो निजव म्हणेल. निजव. घटकाभर त्याच्यापाशी बस. गिऱ्हाईक येऊ दे, आग लागू दे, दारात कुणी उलटं बसून सायकल चालवू दे, उठू नकोस. मग आधी हिरूचं नाव घे, तीनदा. हात दे. ओढ. पाठ झाड. जोरात झाड, लाजू नकोस. त्यानंतर सहदेवचं नाव घे. क्रम चुकवू नकोस. दोन माणसं उठायची आहेत.

पहिल्यांदाच तुला विनंती करतोय. बाटलीतला वैद्य म्हणालो ते शब्द परत घेतो.

आबाजी


खालापूर, ता. ५ फेब्रुवारी १९६७

ती. आबादादांस साष्टांग नमस्कार.

अक्षर लागत नसेल. उजवा हात वर होत नाही म्हणून डाव्यानं लिहितो आहे.

आधी हे: सहदेव सुखरूप आहे. आत झोपला आहे. घोरतो आहे. उद्याच्या गाडीत बसवून देतो.

तुमचं पत्र मिळालं तेव्हा मी फळ्या लावत होतो. खरं सांगतो, पळायलाच. आई पायरीवर बसली होती, ती हलेना. “जेवायला कोन येनार हाय रं?” म्हणाली. मी विचारलं, का? तर म्हणे, मी जास्तीचं शिजवलंय, का ते ठावं नाय.

तो बाराला आला. पायांत काही नव्हतं. गल्ल्याकडं बघितलं नाही, मला बघितलं नाही, सरळ मागं गोदामात गेला. पिठाची पोती बाजूला सारली आणि उरलेल्या फरशा हातानं काढल्या. आणि तेव्हा मला दिसलं, दादा. सहा महिने मी तिथून थोडी थोडी माती उपसत होतो. जिथं हाताला येईल तिथून. तो खड्डा एका माणसाच्या मापाचा झाला होता. एका बाजूला, डाव्या खांद्याखाली, दोन बोटं माती जास्त राहिली होती.

तो त्यात निजला. खड्डा त्याला सैल झाला नाही, घट्टही नाही.

“निजव,” म्हणाला. मी माती ओढली.

“घटकाभरानं उठव. लय शिणलो.” मग डोळे मिटता मिटता, “आणि वाल्म्या, कुठं जाऊ नको हां.”

मी बसलो. घड्याळ पुढं गल्ल्यावर, ते बघायलासुद्धा उठलो नाही. बाहेर कुणी फळ्या ठोकत होतं, “अवो, खोकल्याचं द्या!” ते गेलं. मग सायकलची घंटी वाजली. एकदा. मला वाटलं, टपालवाला. मग पुन्हा. मग थांबेना. दुकानाला वळसा घालून फिरावी तशी, एकदा पुढून, एकदा मागून, गोल गोल. आमच्या दुकानाच्या मागं वाट नाही, दादा. तिथं ओढा आहे. दाराला फट होती. उठून दोन पावलं गेलो असतो तर दिसलं असतं. मी हिरूच्या कपाळावरची माती पुसत बसलो.

घंटी बंद झाली तेव्हा घटका झाली असं समजलो.

“हिरू, ऊठ. हिरू, ऊठ. हिरूदादा, ऊठ.”

हात पुढं केला. सहदेवचे हात मातीखालीच होते, ते मी बघत होतो. तरी माझ्या हातात हात आला. खरखरीत, गार. मी ओढला. खांद्यातून कट असा आवाज झाला आणि ओझं वर आलं. तेवीस वर्षांचं ओझं केवढं असतं, ते मला आता सांगता येईल, पण कुणी विचारू नये. ते माझ्यासमोर उभं राहिलं असावं, कारण मला मान वर करावी लागली. दिसलं काही नाही. मी पाठ झाडली. हवेतच हात मारला, तर पाठीवर बसावी तशी थाप वाजली. लाल धूळ उडाली. दुसरी थाप, तिसरी. किती मारल्या ठाऊक नाही. रडत मारत होतो. धूळ बसली तेव्हा आई दारात उभी होती. माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं बघून म्हणाली, “लय येळ निजलास रं बाबा.” आणि आत गेली, पान वाढायला.

मग सहदेवचं नाव घेतलं. पहिल्याच हाकेला डोळे उघडले. दुसऱ्या हाकेला बोंबलला, “आई गं! काका, माज्या मांड्या! हात नका लावू, मेलो!” तीन महिन्यांचं सगळं एकदम दुखायला लागलं. मुंगी चावली तरी ओरडेल असं अंग. घाम तर असा सुटला की सदरा पिळून काढला. तुम्हाला सांगतो, त्या पोराच्या बोंबलण्याएवढं गोड मी काही ऐकलेलं नाही. फडात उतरणार नाही म्हणतो. उतरला तरी हरेल, आणि हरून झाल्यावर दुखेल त्याला. दुखू दे.

फरशा बसवल्या. डबे सगळे आत पुरून टाकले, गोदाम मोकळंच ठेवणार आहे.

माझं म्हणाल तर हात, पाठ, कंबर, सगळं ठणकतं आहे. असं अंग दुखलं नव्हतं पंधराव्या वर्षापासून. काल संध्याकाळी आईनं तेल कोमट केलं. एका वाटीतलं सहदेवला चोळलं, त्याच वाटीतलं मला. चुलीपाशी दुसरी वाटी भरून ठेवलेली होती. मी म्हटलं, आई, ही कुणाची? ती म्हणाली, “तू झोप आता. शिणलायस.”

सकाळी उठून बघितली, तर वाटी रिकामी होती आणि कडेला लाल मातीची बोटं उमटली होती.

आपला,
वाल्मिक